ब्रिनची काच

ब्रिननं पिझ्झाच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि पायाशी ठेवायच्या आपल्या पेडलबोर्डाच्या पेटीवर छपरासारखं उभं केलं, तेव्हा व्हर्लिन हास्केला हसू आवरेना. ऊन पडलं की हिच्या टचस्क्रीनवरचं काही दिसत नाही. म्हणजे गिटारचा आवाज बदलायचा तर आधी पिझ्झा खायचा.

“पावसासाठी छत्रीवाला ठेवलायस ना?” त्यानं विचारलं.

ब्रिननं छप्पर नीट टेकवलं. ती वर्षभर शाळेची बस चालवायची. टोमण्यांची तिला सवय होती.

काउंटीच्या जत्रेत, गुरांच्या गोठ्याला लागूनच स्टेज होतं. सहाला कार्यक्रम होता आणि बँडमधली तिघं सामान लावत होती. व्हर्लिनच्या पायाशी त्याची फळी होती, जुन्या कोठाराची, तीवर सहा लोखंडी पेडलं स्क्रूनं आवळलेली. बूट आपटला की आवाज बदलला. देवानं माणसाला पाय दिलेत ते यासाठीच, असं त्याचं मत होतं. त्यातलं एक पेडल दोन वर्षं खरखरत होतं, पण ती खरखरही त्याला घरच्या माणसासारखी वाटे. ब्रिनची पेटी म्हणजे त्याच्या लेखी जमिनीवर ठेवलेला थोरला फोन. फोनला कोण लाथ मारतं?

तिनं ती पेटी घेतली त्याला तीन उन्हाळे झाले. पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं गावभर सांगून टाकलं होतं की सप्टेंबरही बघायची नाही. मग कुणाची तरी बिअर काचेवर सांडली. ब्रिननं बाहीनं पुसली. पुढच्या वर्षी अ‍ॅम्पचा कोपरा पडून काचेवर लांब चरा उठला. काच चालूच. हा टिकाऊपणा नसून निव्वळ निलाजरेपणा आहे, असं व्हर्लिन म्हणे.

आणि हुकमाचा पत्ता तर त्याच्या डाव्या हातात होता. तारा दाबून दाबून गिटारवाल्याच्या बोटांना घट्टे पडतात; सराव सुटला की ते झिजतात. व्हर्लिनचे चाळीस वर्षांचे होते, खुरासारखे. तसल्या बोटाला ती काच दाद देत नसे. चार माणसं जमली की तो त्या बोटांनी काचेवर टकटक करी. काच ढिम्म. मग ड्रमवाल्या गसला बोलावून त्याचं बोट टेकायला लावी. गसचं खाटकाचं दुकान होतं. त्याचं बोट लागताच काच उजळे. “बघा,” व्हर्लिन म्हणे, “खाटकाला ओळखते, गिटारवाल्याला नाही.” लोक पोट धरून हसत. ब्रिनच्या डाव्या बोटांचीही तीच गत होती, म्हणून ती निमूट उजव्या हातानं काम करी.

आज मात्र गस ड्रमच्या मागून उठून आला तो हसायला नव्हे. बँड त्याचा होता. मे महिन्यात आणि जूनमध्ये व्हर्लिनचे सूर जागोजागी निसटले होते, आणि गसनं ते ऐकलं होतं. त्यानं सरळच सांगितलं, आज लीड, म्हणजे मुख्य गिटार, ब्रिन वाजवेल, व्हर्लिननं कडेला उभं राहून साथ करायची.

बावीस वर्षं लीड व्हर्लिनचं होतं. ते गेलं तर गावात त्याची ओळख काय, तर तळ्यावर मासे धरणारा म्हातारा. त्यानं आधी अ‍ॅम्पला दोष दिला, मग हवेतल्या दमटपणाला. हल्लीच्या तारासुद्धा भिकार, म्हणाला, बोटाला चावतात. सराव रोज दोन तास, हिवाळ्यातही, हे त्यानं पुन्हा सांगितलं.

“हिवाळ्यात दिवसभर तळ्यावर तुझ्या शेजारीच बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतो मी,” गस म्हणाला.

एव्हाना गोठ्याकडची माणसं कुंपणाशी गोळा झाली होती. व्हर्लिनला तेच हवं होतं.

“मग होऊनच जाऊ दे,” तो मोठ्यानं म्हणाला. “ज्या काचेला गिटारवाल्याचं बोट कळत नाही, तिच्या भरवशावर लीड देणार तुम्ही?”

तो ब्रिनच्या पेटीशी गुडघ्यावर बसला. छपराखाली हात घालून त्यानं डाव्या हाताचं पहिलं बोट काचेवर टेकलं.

काच उजळली.

कुंपणाशी कुणीतरी हसलं. ही नवी गंमत असावी, असं हसणाऱ्याला वाटलं. व्हर्लिननं मधलं बोट टेकलं. आवाजांची यादी उघडली. तिसऱ्या बोटाला यादी सरकली. करंगळी नुसती लागली तरी एक आवाज निवडला गेला. कुणी हसेना. गस आपल्या ड्रमच्या काठ्या निरखत राहिला.

ब्रिन पुढं झाली आणि वाकून तिनं झाकण नीट केलं.

“ऊन आहे रे,” ती हळूच म्हणाली. “उन्हात ही येड्यासारखं करते. तूच म्हणतोस ना?”

व्हर्लिन अंगठा चारही बोटांच्या टोकांवरून फिरवत राहिला. मग तो उठला. त्यानं आपली फळी उचलली आणि कडेला, ब्रिन तीन उन्हाळे उभी राहायची त्या जागी, नेऊन ठेवली.

“नाही,” तो म्हणाला. “बरोबर चालतेय ती.”