धुण्यात गेलेलं कार्ड

"माझ्या मुलाला मात्र सांगू नकोस हो बाबा," आई सोसायटीच्या ऑफिसात लिफ्टच्या कार्डवाल्याला विनवत होती. "स्वेटरच्या खिशात राहिलं आणि धुण्यात गेलं. बिघडवलं मी."

कामावर निघालेला मुलगा दारातच थबकला.

कार्डवाल्यानं कार्ड मशीनवर ठेवलं. "याला काही झालेलं नाही, काकू. सहावा मजला चालतोय की."

"घरचा चालतो रे. चौदा दाबलं की लाल दिवा लागतो. वर माझी मैत्रीण आहे, अंथरुणाला खिळलेली. आठवडाभर जिन्यानं जातेय तिच्याकडे. गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय. पण मुलाला कसं सांगू? म्हणेल, आईला एक कार्ड सांभाळता येत नाही."

मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या कार्डावरचा चौदावा बंद करायला त्यानंच कार्डवाल्याला सांगितलं होतं, गुपचूप. ती मैत्रीण म्हणजे त्याच्या साहेबांची आई. मागे एकदा साहेबांची बायको चारचौघांत म्हणाली होती, "तुमच्या आई येतात म्हणून बरं. नाहीतर सासूबाईंची वेणी घालायला बाईच ठेवावी लागली असती." सगळे हसले. हाही हसला, चांगले दात काढून. तिला उलट बोलायची छाती कुठली! राग निघाला तो आईच्या कार्डावर.

"या, बरे आलात," कार्डवाला म्हणाला.

आईनं दचकून मागे पाहिलं. "रागावू नकोस रे. माझ्याच हातून झालं."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण जीभ रेटेना, आणि तो भलतंच बोलून बसला. "असू दे, आई. भिजली की बिघडतातच ही कार्डं. नवीन देतील ते."

कार्डवाला गोंधळला. एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. "देतो की. पण नव्यात चौदावा टाकू, का तुम्ही सांगितलं होतंत तसा बंदच ठेवू?"

मुलगा टेबलाकडे बघत उभा राहिला. त्याचे कान तापून लाल झाले होते. आई त्या कानांकडे बघत होती. बराच वेळ.

मग तिनं जुनंच कार्ड उचललं आणि खिशात टाकलं.

"नवीन कशाला उगाच," ती कार्डवाल्याला म्हणाली. "मीच सांगितलं होतं याला, माझा चौदावा बंद करून घे म्हणून. गुडघे दुखतात ना. वय झालं, विसरलेच बघ."