रजेवरच्या माणसाची सही

"हा संगणक तुमच्याशिवाय आणखी कोणी वापरतं?" तिने विचारलं.

"कोणाची टाप आहे!" मुख्य निरीक्षक खुर्चीत रेलून म्हणाले. "नऊ वर्षं झाली. पासवर्ड बायकोलाही सांगितलेला नाही."

आणि ते कॅमेऱ्याकडे बघून ऐटीत हसले. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकत होता. नवी डिजिटल सही हवी तर हे चित्रीकरण करावंच लागायचं. माणसाचा चेहरा, त्याची उत्तरं, त्याचा पडदा, सगळं त्याच क्षणी सही देणाऱ्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात जमा व्हायचं. तिथून पुसणं कंपनीच्या या तंत्रज्ञ मुलीच्याही हातात नव्हतं. तिला तेच हवं होतं.

साहेबांच्या सहीची मुदत आज संपत होती. सही नाही तर उद्यापासून शहरातल्या एकाही लिफ्टला परवाना नाही, म्हणून साहेब अगदी मऊ झाले होते. "चहा सांगू का गं, पोरी?" त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं. ती नको म्हणाली. या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा तिच्या घशाखाली उतरलं नसतं.

तीन वर्षं तिने मनात डूख धरला होता. बाबा याच कचेरीत लिफ्ट तपासायचे. रजेवर जाणाऱ्याने आपली डिजिटल सही पेनड्राइव्हवर घालून साहेबांच्या स्वाधीन करायची, म्हणजे कामं अडत नाहीत, असा इथला शिरस्ता. हर्नियाच्या ऑपरेशनला जाताना बाबांनीही ती दिली, पासवर्डसकट. ते दवाखान्यात पडून असताना त्यांच्या सहीने एका लिफ्टला 'सुरक्षित' असा दाखला गेला. ती लिफ्ट बाबांनी पाहिलीसुद्धा नव्हती. पंधरा दिवसांत ती कोसळली आणि एक शिक्षिका जन्माची पांगळी झाली. चौकशीत साहेबांनी खुशाल कानांवर हात ठेवले. "यांची सही माझ्याकडे कधी नव्हतीच. दवाखान्यात लॅपटॉप नेता येतो की!" शिरस्ता कुठे लिहिलेला नव्हता. सहकाऱ्यांनी मूग गिळले. बाबा कायमचे घरी बसले.

पेनड्राइव्ह साहेबांनी तेव्हाच नाहीसा केला असणार. पण ब्राउझरमध्ये एकदा घेतलेली सही ब्राउझरमध्येच राहते. मुदत संपली तरी तिचं नाव यादीत असतं, कोणी मुद्दाम जाऊन काढेपर्यंत. बाबांना हे ठाऊक नव्हतं. तिने ते शिकून घेतलं, या कंपनीला चिकटली आणि साहेबांच्या सहीची मुदत संपायची वाट बघत राहिली. साहेबांना ते ठाऊक आहे की नाही, एवढंच तिला माहीत नव्हतं.

"आता सेटिंग्ज उघडा," ती म्हणाली. "माउसला मी हात लावायचा नाही, असा नियम आहे. सुरक्षा. हं, अजून खाली. तिथे प्रमाणपत्रं लिहिलंय बघा."

यादीत एकच नाव निघालं असतं तर तिला मुकाट्याने साहेबांची नवी सही बसवून, धन्यवाद म्हणून घरी जावं लागलं असतं.

दोन नावं निघाली. वर साहेबांचं, खाली बाबांचं.

"हे दुसरं कुणाचं?"

साहेब पुढे वाकले आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "असेल काहीतरी जुनं. काढतो." माउसचा बाण घाईघाईने 'काढून टाका'वर गेला.

"काढा ना. काढतानाही दिसेलच तिकडे."

बाण जागच्या जागी थांबला. ते नाव साहेब काही वाचेनात, म्हणून तिनेच ते वाचलं. सावकाश, खणखणीत, मुदतीच्या तारखांसकट.

"बंद कर ते," साहेब ओठातल्या ओठात म्हणाले.

"बंद केलं तरी आतापर्यंतचं तिथे राहतं. तुमचा अर्ज तेवढा फेटाळला जाईल."

आता कुठे त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं, मग पडद्यावरचं.

"तू त्यांची..."

"थोरली."

"अगं, तुझे बाबा मला सख्ख्या भावासारखे! झालं गेलं ते आता उकरून..."

"बाबा कुरियर आलं तरी सही करत नाहीत, साहेब. दार उघडतात आणि आईला हाक मारतात."

साहेबांच्या कपाळावर घाम साचला होता. तो पुसायला त्यांनी हात उचलला आणि कॅमेरा आठवून तसाच खाली घेतला. हा क्षण आला की आपल्याला रडू कोसळेल, असं तिला इतके दिवस वाटायचं. रडूबिडू काही आलं नाही. तिला फार बरं वाटत होतं, आणि त्याची जराही लाज वाटत नव्हती.

तिने मांडीवरचा कागद सरळ केला.

"शेवटचा प्रश्न," ती म्हणाली. "इकडे, कॅमेऱ्यात बघा. आता तुमचं पूर्ण नाव सांगा."