कोनाडा

"बाळा, दिवाणखान्याच्या भिंतीत एक कोनाडा तरी ठेव," घर बांधताना आई म्हणाली होती. "पितरांच्या सणाला तुझ्या बाबांचा फोटो, झेंडू आणि मेणबत्ती मांडीन."

एफ्राइन पडला मेक्सिको सिटीतला नावाजलेला आर्किटेक्ट. "आई, या घराची सगळी शान त्या कोऱ्या गुलाबी भिंतीत आहे. तिथे खिळासुद्धा ठोकू देणार नाही," म्हणत त्याने तिला उडवून लावलं. भिंत मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली. आईने पुन्हा विषय काढला नाही.

उन्हाळ्यात ती गेली. नोव्हेंबरात पितरांचा सण आला, तेव्हा मात्र तो स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीपाशी गेला. आधी फोटो शोधावेत म्हणून त्याने आईचं कपाट उघडलं.

कपड्यांमागे वाळलेले झेंडू, वितळलेली मेणबत्ती आणि बाबांचा फोटो मांडलेला होता. शेजारी आईने स्वतःचाही ठेवला होता, जिवंतपणी. जित्या माणसाचा फोटो पितरांमध्ये कुणी मांडत नाही. मरण ओढवतं म्हणतात. पण आपल्यामागे पोरगा जागा देणार नाही, हे ती ओळखून होती.