दारावरची थाप

आमच्या रेजिमेंटच्या विमानविरोधी तोफा इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्यावर आल्या, तेव्हापासून शेजारच्या मिसेस हॅडलो रोज तक्रार घेऊन यायच्या. आधी कपबश्या फुटल्या, मग कोंबड्या अंडी देईनात. त्या दुपारी आम्ही जर्मनांचा एक उडता बॉम्ब समुद्रात पाडला आणि पाचच मिनिटांत बाई तरातरा सार्जंट क्लेगसमोर हजर!

"तुमच्या तोफेपायी माझा म्हातारा आज नऊ वेळा दार उघडायला उठला. बारा वर्षांत त्याला दारावरची थाप ऐकू आलेली नाही. तोफ उडाली की त्याला वाटतं, कुणीतरी आलंय."

क्लेगनं टोपी काढली. "माफ करा बाई, पण तोफ काही थांबवता येणार नाही."

"थांबवा म्हणतंय कोण? खुशीत उठतो हो तो! कोट घालतो, केसांवरून हात फिरवतो. पण दारात कुणीच नसतं, मग तोंड एवढंसं होतं त्याचं. तोफ उडवलीत की एक माणूस आमच्या दारात पाठवत जा."

दुसऱ्या दिवशी ऐन चहाच्या वेळी आणखी एक बॉम्ब आला. तो पाडून तोफा गप्प होताच क्लेग धावत सुटला, मागोमाग मी. तोफेच्या धुरानं काळ्याकुट्ट झालेल्या तोंडानं तो हॅडलोंच्या दारात जाऊन उभा राहिला. दार उघडलं. कोट घातलेला म्हातारा आधी तोंडभर हसला, मग डाफरला, "येतोय ना! जरा हळू वाजवत जा की दार. बहिरा आहे का मी?"