साइट बसली नाही

"ताई, केतकी नापास झाली गं! आतून कडी लावून बसलीय. ओ देत नाही." धाकटी बहीण फोनवर रडत होती.

शर्वाणीच्या हातातला पेढा तसाच राहिला. बारावीच्या निकालाची साइट तिनंच बांधली होती. दरवर्षी निकाल लागला की गर्दीनं साइट बसायची. म्हणून यंदा तिनं कॅशिंग वापरलं होतं: एकदा काढलेला निकाल मेमरीत ठेवायचा आणि कुणी पुन्हा मागितला, तर डेटाबेसकडे न जाता तिथूनच द्यायचा. पानं झरझर उघडत होती, ऑफिसात टाळ्या वाजत होत्या.

पण केतकीसारखी हुशार भाची आणि नापास? तिनं भलताच एक बैठक क्रमांक टाकून पाहिला. नापास. आणखी एक टाकला. तोही नापास.

तिनं घाईनं कोड उघडला. मेमरीत ठेवताना निकालाला बैठक क्रमांक जोडायचाच राहिला होता. नाव ज्याचं त्याचं दिसत होतं, पण निकाल सगळ्यांना एकच जात होता. सर्वांत आधी साइट उघडलेल्या कुणा नापास पोराचा.

तिनं कॅशिंगच बंद केलं, केतकीचं पान पुन्हा उघडलं आणि फोनमध्ये किंचाळली, "पास आहे ती! चूक माझी आहे. दार तोड, पण सांग तिला!"

पलीकडे दारावर धक्के बसले. बराच वेळ. मग कडी निघाली आणि केतकीचा हुंदका ऐकू आला.

शर्वाणीनं फोन ठेवला. शेजारच्या टेबलापाशी साहेब कुणाला तरी खुशीत सांगत होते, "यंदा कुणालाच थांबावं लागलं नाही. घरोघरी निकाल पोचलासुद्धा!"