मानाचं दार

कमलबाईला यात मिळायचं होतं ते एवढंच: दोन महिन्यांचा नातू, मांडीवर. न बोलावता लेकीच्या घरी जायची रीत नाही, म्हणून तिनं ताडकळसात बसून दोन महिने बोटांवर मोजले होते. आता जावयानं बारशाला बोलावलं. नुसतं बोलावलं नाही, तर औरंगाबाद ते मुंबई विमानाची दोन तिकिटं धाडली. एक स्वतःच्या बापाला, एक सासूला.

घोळ होता तो बापाचा. अण्णासाहेब सकाळच्या यष्टीनं सोनपेठाहून आले, ओसरीवर लोडाला टेकले, दोन वेळा चहा प्याले आणि म्हणाले, "चंद्रभानराव, इहीनबाईंचं तिकीट आमच्या धाकट्या भावाला द्या. बापू येईल माझ्यासंगं."

चंद्रभान, म्हणजे कमलबाईचा नवरा, "जी" म्हणाला. लेकीच्या सासऱ्यापुढं त्याला दुसरा शब्द आजवर सुचलाच नव्हता.

"तसं आमाला कायी अडचन न्हाई," अण्णासाहेब म्हणाले. "पन इवाई अन् इहीन खांद्याला खांदा लावून इमानात बसायलेत, हे बरं दिसतंय का? तुमीच सांगा. सोनपेठात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का मला?"

"जी," चंद्रभान म्हणाला.

कमलबाई माजघराच्या दाराआड उभी होती. व्याह्याशी समोरासमोर बोलायचं नाही, हे तिलाही ठाऊक होतं. म्हणून ती भाच्याशी बोलली. हा मुंजाजी औरंगाबादच्या विमानतळावर नोकरीला होता. विमान थांबलं की त्याला शिडी लावायची, हे त्याचं काम. सुट्टीवर आला होता, आणि आल्यापासून गावात त्याचा भाव वधारलेला होता.

"मुंजाजी, इमानाला दारं किती असतेत रे?"

"दोन, मामी. एक म्होरं, एक मागं. आमी दोन्हीकडं शिड्या लावताव. अर्धी मानसं म्होरून चढतेत, अर्धी मागून. नंबर बघून."

"अन् आतमंदी?"

"आत लांबलचक बोळ. ईस-बावीस रांगा. म्होरच्याला मागचा दिसत बी न्हाई."

कमलबाईनं जरा दम घेतला. "मंग म्होरचं दार मानाचं म्हन की."

मुंजाजी पुन्हा नंबराचं काही सांगणार होता. तेवढ्यात दाराआड बांगड्या वाजल्या आणि आपण कुणाच्या घरी जेवतो आहोत, हे त्याला आठवलं. "मानाचंच," तो म्हणाला. "मोठी मानसं समदी तिकडूनच."

"मंग इवायांना सांग, म्होरच्या दारानं त्यांनी जावं. आमी मागल्या दारानं जाऊ. चढतानी मागून, उतरतानी बी मागून. सोनपेठाचं कुनी बघितलंच, तर म्हनंल, इहीनबाई कुन्या दुसऱ्याच गावाला निघाल्या."

अण्णासाहेबांनी सुपारीचं खांड या गालातून त्या गालात नेलं. बापूला तिकीट दिलं असतं तर बापूही पुढच्याच दारानं चढला असता, कदाचित आधी. तसल्या बाबतीत बापू मागं राहणारा नव्हता. विहीण मागून चढली, तर पुढचं दार अख्खं आपलं.

"नंबर तसे भेटतेत का पन?" त्यांनी मुंजाजीला विचारलं.

"ते माझ्याकडं लागलं."

"मंग जाऊ द्या. बापूला तरी बारशातलं काय कळतंय!"

"जी," चंद्रभान म्हणाला, आणि या खेपेला जरा मोठ्यानं म्हणाला.

शुक्रवारी ठरल्यासारखंच झालं. अण्णासाहेब पुढच्या शिडीनं चढले. वरच्या पायरीवर थांबून त्यांनी खाली एक नजर टाकली, जणू सगळं सोनपेठ पोचवायला आलं होतं. कमलबाई मागून चढली, डिंकाच्या लाडवांचा डबा पोटाशी धरून बसली आणि मुंबई येईपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

मुंबईत विमान थांबलं आणि दोन्ही दारं उघडली. पण पहिल्या रांगेत कुणी मंत्री होता. पुढच्या शिडीखाली हार घेऊन पंधरा-वीस माणसं उभी होती, फोटोवाला होता. मंत्री एकेका पायरीवर थांबून एकेक हार घेत होता आणि त्याच्यामागं पुढच्या दाराची सगळी मोठी माणसं तुंबली होती. मागच्या दाराला कुणी हार आणले नव्हते. ते दार पाच मिनिटांत रिकामं झालं.

अण्णासाहेब बाहेर आले तेव्हा टोपी तिरपी झालेली होती आणि खांद्यावर दुसऱ्याच्या हारातल्या झेंडूच्या चार पाकळ्या होत्या. समोर बाकावर कमलबाई मांडी घालून बसलेली. नातू मांडीवर. शेजारी लेक कावेरी, लाडू खात.

सासऱ्यांना पाहून कावेरी लगबगीनं उठली. "लय येळ लागला, मामंजी?"

"मान असला की येळ लागतोच, पोरी," अण्णासाहेब म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं. त्यांनी नातवासाठी हात पुढं केले. कमलबाईनं पदर आणखी पुढं ओढून घेतला, पण मांडी हलवली नाही.

तशी कुणाची तक्रार नव्हती. मंत्र्याला हार मिळाले, अण्णासाहेबांना दार मिळालं, कमलबाईला नातू मिळाला. या सगळ्याचा भुर्दंड पडला तो तिच्या नव्याकोऱ्या लुगड्याला. नातवानं ते मांडीवर पुरतं भिजवलं होतं, आणि अण्णासाहेब येईपर्यंत दोनदा.