कोमट पाणी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्या साली देवणीकडच्या विहिरी आटल्या होत्या. साठीतल्या गुंडप्पा दुकानदाराला शौचाच्या जागी चीर पडली, रक्त जाऊ लागलं. लातूरच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, "पाणी भरपूर प्या. सकाळ-संध्याकाळ घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात बसा."

बायको शिवकांता लांबच्या झऱ्यावरून पाणी आणून तापवून द्यायची. महिन्याभरात चीर भरून आली.

"आता लई बरं वाटायलंय," गुंडप्पा म्हणाला. "उद्यापासून घमेल्याचं पाणी नको आणू."

शिवकांता खाली बघत पुटपुटली,



"आणू द्या की. तुम्ही उठल्यावर त्यात मी बसते. पहिल्या बाळंतपणापासून मला बी तेच हाय."